डब्याचा नंबर

आमच्या शेजारच्या काकांसमोर 'बोगी' हा शब्द जपून वापरावा लागतो. गाडीच्या डब्याला बोगी म्हटलं की ते हातातला कप खाली ठेवतात. "बोगी म्हणजे खालचा सांगाडा रे. चाकं, अ‍ॅक्सल, स्प्रिंगा. वर बसतो तो डबा. बोगीत बसून गावाला गेलास तर पोचशील का?" काका लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जोगेश्वरी पूर्वेला रुळांच्या अंगाला घर असल्यामुळे नोकरी पूर्ण सुटलेली नाही. बाल्कनीत बसून ते गाड्या बघतात. लोकलकडे त्यांचं लक्ष नसतं. मुंबई सेंट्रल नाहीतर वांद्रे टर्मिनसहून सुटलेली लांबची गाडी आली की मात्र मान वळते आणि डबे मोजायच्या आत निकाल येतो, "हीपण एलएचबी झाली." म्हणजे नव्या धाटणीच्या डब्यांची.

बोगी आणि डबा यांतला फरक मला तेव्हा शब्दांचा कीस वाटायचा. डब्यांच्या मरणाची चौकशी करायला लागलो तेव्हा कळलं, की सगळी गोष्ट त्या फरकातच आहे. डबा मरतो म्हणजे तो बोगीवरून उतरतो. बोगी धडधाकट असेल तर दुसऱ्या डब्याखाली जाते. डबा जमिनीवर राहतो.

चौकशीची सुरुवात वनराणीपासून झाली. जोगेश्वरीच्या शाळांची सहल म्हणजे चार स्टेशनं पलीकडे बोरिवलीचं नॅशनल पार्क, हे माझ्या पिढीत ठरलेलंच होतं. (राम मंदिर स्टेशन तेव्हा नव्हतं, ते डिसेंबर २०१६ मध्ये आलं.) पार्कातली छोटी गाडी कृष्णगिरी स्टेशनातून निघायची, गांधी टेकडीच्या पायथ्याशी वळायची, हरणांच्या कुंपणाजवळून जायची आणि प्रवास सुरू झाला असं वाटेपर्यंत परत यायची. रूळ जेमतेम अडीच किलोमीटरचा. डब्यांच्या बाजू उघड्या, त्यामुळे बाई शेवटपर्यंत "हात आत घ्या" म्हणत असायच्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, पार्कातली झाडं पडली, वनराणीचे रूळ उखडले आणि गाडी थांबली. पुढे नव्या गाडीची, बॅटरीवरच्या इंजिनाची, काचेच्या डब्यांची बोलणी सुरू झाली. बातम्यांत नवी गाडी होती, नवा मार्ग होता, खर्चाचा आकडा होता. ज्यांच्या बाकड्यांवर निम्म्या उपनगरानं बालपणी मांडी घासली त्या जुन्या डब्यांबद्दल एक ओळही नव्हती. मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला त्यांचा नंबर माहीत आहे का? नाही ना? मग कसला शोधतोस?"

डब्याचा माग काढायचा तर रंग उपयोगाचा नाही, नावही उपयोगाचं नाही. नंबर लागतो.

रेल्वेच्या प्रत्येक प्रवासी डब्यावर तो रंगवलेला असतो आणि प्रवासी तो कधीच वाचत नाही. आपण बघतो ते 'एस ४' किंवा 'डी २', पण ती त्या दिवसापुरती पाटी. खरा नंबर पाच आकड्यांचा, आता काही ठिकाणी सहाचा. पहिले दोन आकडे म्हणजे डबा बांधल्याचं वर्ष. पुढचे तीन डब्याची जात सांगतात. पाच आकडी पद्धतीत १५१ ते २०० म्हणजे वातानुकूलित खुर्चीयान, २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० साधा दुसरा वर्ग. समजा डब्यावर ९५१५३ लिहिलंय, तर तो १९९५ सालचा एसी खुर्चीचा डबा. शेजारी कुठल्या रेल्वेचा तेही असतं, मध्य की पश्चिम. आणि डब्याच्या टोकाच्या भिंतीवर, दोन डब्यांच्या मधल्या फटीत वाकून पाहिलं तर, पांढऱ्या बारीक अक्षरांत त्याचं आरोग्यपत्रक: शेवटची मोठी दुरुस्ती कुठल्या कारखान्यात झाली, कधी झाली आणि पुन्हा कधी परत यायचं. या मोठ्या दुरुस्तीला कारखान्यात 'पीओएच' म्हणतात. पूर्ण नाव कुणी घेत नाही. डबा 'पीओएचला आला', 'पीओएच होऊन गेला'. दीडेक वर्षानं त्याची ही वारी.

वर्ष नंबरातच कोरलेलं असल्यामुळे डब्याला वय लपवता येत नाही. पोलादी प्रवासी डब्याचं आयुष्य रेल्वेनं २५ वर्षं धरलेलं आहे. कमी वापराच्या डब्यांना ४०. नव्या एलएचबी डब्यांना ३५. ही हिशेबाची वर्षं. त्याआधी अपघात, आग किंवा गंज गाठू शकतो.

आता डेक्कन क्वीनकडे येतो, कारण सहलीच्या गाडीचं आपल्याकडचं सगळ्यात देखणं उदाहरण तेच. आज ती नोकरदारांची गाडी आहे आणि पासवाले तिचे मालक आहेत, पण १ जून १९३० ला जीआयपी रेल्वेनं ती सुरू केली तेव्हा ती चैनीची, शनिवार-रविवारची गाडी होती. पुण्याच्या घोडशर्यतींना जाणाऱ्या मुंबईकरांची. सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या खालच्या चौकटी विलायतेतून आल्या आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला जोडला गेला तो १९५५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी. त्या आठ वर्षांवर वेगळा लेख होईल.

माटुंग्याचे ते डबे १९६६ मध्ये निघाले. त्यांच्या जागी पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे पोलादी डबे आले. कारण सुरक्षिततेचं होतं. जुन्या बांधणीत टक्कर झाली की एक डबा दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरायचा. नव्या डब्याची टोकं अशी केलेली, की ती चेपतील, धक्का पचवतील आणि मधल्या माणसांची जागा वाचेल. १९९५ मध्ये पुन्हा रेक बदलला, एअरब्रेकचे डबे आले. ऑगस्ट २०२१ मध्ये काचेच्या छताचा व्हिस्टाडोम जोडला गेला. जून २०२२ मध्ये सगळी गाडी एलएचबी झाली. म्हणजे १ जूनला पुणे स्टेशनात दरवर्षी केक कापून जिचा वाढदिवस करतात त्या गाडीत १९३० चं काय आहे? नाव आहे. वेळेचा दरारा आहे, थोडाफार. डायनिंग कारची परंपरा आहे; आधीच्या डायनिंग कारमध्ये ३२ माणसं टेबलाशी बसून खायची, खाली गालिचा असायचा, आणि घाटात कपातला चहा बशीत न सांडता प्यायचा ही एक विद्या होती. पण डबे? डब्यांच्या तीन पिढ्या या नावाखालून निघून गेल्या, आता चौथी आहे. आपण वाढदिवस नावाचा करतो. नाव वेळापत्रकात असतं, त्याला गंज लागत नाही.

गंज कुठे लागतो हे काकांनी मला एकदा टेबलावरच्या काडेपेटीवर दाखवलं. पेटी आडवी धरली आणि चारही कोपऱ्यांवर बोट ठेवलं. "इथे. इथे. इथे. आणि इथे." जुन्या डब्यात चारही टोकांना संडास असतात. तिथलं पाणी आणि बाकी सगळं वर्षानुवर्षं खालच्या चौकटीवर ओघळतं. दरवाज्यातून पाऊस आत येतो, तो उंबऱ्याखाली मुरतो. वरून रंग झकास असतो. कारखान्यात जमिनीचा पत्रा उचलला की खाली लांबीभर जाणारा सोलबार दिसतो, आणि तो हातोडीनं ठोकून बघायचा असतो. चांगलं लोखंड टणकन वाजतं, गंजलेलं बद्द. "डॉक्टर पाठीवर टिचकी मारून बघतो ना, तसंच." पत्रा बदलता येतो, खिडकी बदलता येते, सोलबारचाही तुकडा कापून नवा जोडता येतो. असे तुकडे फार झाले, किंवा वय झालं, की कागद वर जातो, तपासणी होते, सही होते आणि डबा कंडम होतो.

कंडम. कारखान्यातून हा शब्द मुंबईच्या घराघरांत गेला. आपण पंख्याला, स्कूटरला, गुडघ्यालाही कंडम म्हणतो. रेल्वेत मात्र ती शिवी नाही, तो हुद्दा आहे. डब्याच्या अंगावर तसं पांढऱ्या रंगात लिहितात आणि त्या दिवसापासून त्याच्यात माणूस बसवायचा नाही.

मग डबा यार्डाच्या कडेच्या रुळावर जातो. पंखे, बॅटऱ्या, आसनं, ब्रेकचं सामान, जे जे पुन्हा वापरता येईल ते निघतं. मग उचलणं. चाळीसेक टनांचं ते धूड दोन बोगींवर बसलेलं असतं. मधे पिव्होट आणि दोन्ही बाजूंना तेलात बुडालेले बेअरर, वजन त्यांच्यावर. बोल्टांनी जखडून टाकलंय असं नसतं. चालत्या डब्याला वळणावर बोगी फिरवावी लागते, म्हणून ते नातं मुळातच सैल ठेवलेलं. क्रेननं दोन्ही टोकांना धरून डबा वर घेतला की बोगी खालून ढकलत बाहेर काढतात. हे दर पीओएचला होतं, त्यामुळे बघणाऱ्याला नवल नाही. फरक इतकाच, की या वेळी डबा खाली येतो तो लाकडी ठोकळ्यांवर.

पुढे लॉट पडतो, लिलाव होतो. पूर्वी माणसं जमायची, आता ई-लिलाव. घेणाऱ्याची माणसं गॅस कटर घेऊन येतात. काका सांगतात, आधी छप्पर जातं. छप्पर गेलं की बाजूच्या भिंती उभ्याच राहतात आणि खिडक्यांतून पलीकडच्या भिंतीच्या खिडक्या आणि त्यांतून आभाळ दिसतं. डबा कधी नव्हे इतका हवेशीर असतो. दोनेक दिवसांत चौकट उरते. मग तीही ट्रकात मावेल अशा लांबीची होते आणि भट्टीत जाते.

सगळेच इतक्या लवकर मरत नाहीत. काहींना मधे दुसरी नोकरी मिळते, आणि मला विचाराल तर डब्याच्या चरित्रातला हाच भाग सगळ्यात वाचनीय. कुणी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या मुक्कामाचा डबा होतो. आत खाटा, स्टो, दोरीवर वाळत घातलेले गमछे. कुणी अपघात मदत गाडीत जातो आणि वर्षाचे बहुतेक दिवस जंक्शनाच्या कोपऱ्यात उभा राहून भोंग्याची वाट बघतो. पुष्कळ डबे मालगाडीत जातात. खिडक्या-दारांवर पत्रे मारायचे, आतली बाकं काढायची, टोकाच्या भिंतींना मोठी दारं लावायची, म्हणजे नव्या मोटारी एका टोकाकडून चालवत आत घेता येतात, एका डब्यातून पुढच्या डब्यात. याचं रेल्वेतलं नाव एनएमजी, न्यू मॉडिफाइड गुड्स. नाशिक रोडहून मोटारी लादलेली अशी गाडी जाताना नीट पाहिलं तर पत्र्याखाली खिडक्यांच्या चौकटी ओळखू येतात. माणसं नेणारा डबा म्हातारपणी माणसांच्या गाड्या नेतो.

आणि एक नोकरी कुणाच्या ध्यानीमनी नसताना आली. २०२० मध्ये कोविडसाठी रेल्वेनं ५,२३१ बिगर-एसी डबे विलगीकरण कक्ष केले. मधला बर्थ काढला, एका संडासाचं न्हाणीघर केलं, खिडक्यांना जाळ्या लावल्या. देशभर त्यांतले फार थोडे वापरले गेले, पण एप्रिल २०२१ मध्ये नंदुरबार स्टेशनात ते खरोखर रुग्णांसाठी उघडावे लागले. जुने डबे, वर तापलेलं पोलादी छत आणि एप्रिलचं नंदुरबार. कुलर लावले, छतावर ओली गोणपाटं टाकली असं तेव्हा वाचलेलं आठवतं.

एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता: ठणठणीत डबेसुद्धा अलीकडे असे घाऊक का निघतायत? उत्तर कपलिंगात आहे. पेरांबूरचा जुना डबा, स्विस कंपनीच्या आराखड्यावर १९५५ पासून बांधलेला, दोन बाजूंना बफर आणि मधे स्क्रूचं कपलिंग असा असतो. एलएचबी हा जर्मन आराखडा, २००० च्या सुमारास आपल्याकडे आला. त्याला बफर नाहीत, मधे एकच जाडजूड कपलर, टकरीत डबे एकमेकांवर चढू नयेत म्हणून. दोघांचं सरळ जमत नाही. त्यामुळे गाडी बदलते ती सगळीच. पेरांबूरनं जुन्या धाटणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर काढला. म्हणजे या घटकेला एक अख्खी पिढी, जिच्यातून आपण कोकणात, देशावर, लग्नांना आणि मयतांना गेलो, ती रुळांवरून उतरते आहे.

इंजिनांचं नशीब वेगळं असतं. माथेरानचंच घ्या. आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांच्या हट्टातून दोन फुटांचा तो रूळ १९०७ मध्ये नेरळहून वर गेला. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं बांधलेल्या चार वाफेच्या इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड नावाच्या गावी आहे, हौशी मंडळींनी दुरुस्त केलेलं. त्याचा बांधणीचा अनुक्रमांकसुद्धा त्या लोकांना पाठ. त्याच्यामागे वळणावळणांच्या घाटातून जे डबे वर-खाली झाले, ज्यांच्या प्रत्येकावर हातब्रेक फिरवायला एक माणूस बसायचा आणि इंजिनाच्या शिट्टीवर ब्रेक आवळायचा-सोडायचा, ते डबे कुणी जहाजात घालून नेले नाहीत. मे २०१६ मध्ये लागोपाठ डबे घसरले, गाडी बंद झाली, आणि परत सुरू झाली ती एअरब्रेकचे डबे घेऊन. ब्रेकवाल्यांचं बसणं आणि जुना डबा, दोन्ही एकदमच इतिहासजमा.

दार्जिलिंगची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथलं ७७८ क्रमांकाचं इंजिन एड्रियन शूटर या इंग्रज रेल्वेवाल्यानं विकत घेतलं आणि घराच्या बागेत रूळ टाकून चालवलं. इंजिन अस्सल, १८८० च्या दशकातलं. मागचे दोन डबे मात्र वेल्समधल्या बोस्टन लॉज कारखान्यात नव्यानं बांधून घेतलेले, दार्जिलिंगच्या डब्यांबरहुकूम. डबा इतका साधा असतो, की तो जपण्याचं कुणाला सुचत नाही. आणि हवा झाला की पुन्हा बनवावा लागतो.

डब्यांमागे खरा हात धुऊन लागलेला माणूस म्हणजे जेम्स शेरवुड. जहाजांच्या कंटेनरचा धंदा करणारा अमेरिकन. ऑक्टोबर १९७७ मध्ये मॉन्टे कार्लोला ओरिएंट एक्सप्रेसच्या जुन्या डब्यांचा लिलाव झाला, त्यात त्यानं दोन घेतले. मग वेड लागलं. युरोपभर माणसं पाठवून, क्रमांक जुळवून त्यानं ३५ डबे गोळा केले. 'फिनिक्स' नावाचा एक फ्रान्समधल्या लियाँमध्ये हॉटेल म्हणून उभा होता. मे १९८२ मध्ये ते पुन्हा लंडन ते व्हेनिस धावू लागले. ओरिएंट एक्सप्रेसच्याच नावाच्या दुसऱ्या एका सहलगाडीचे डबे पुढे बेपत्ता झाले होते. आर्थर मेतेताल या फ्रेंच अभ्यासकाला २०१५ मध्ये यूट्यूबवरच्या कुणाच्या तरी व्हिडिओत निळ्या डब्यांची रांग ओझरती दिसली. त्यानं नकाशे आणि उपग्रहाची चित्रं लावून जागा काढली: मालाशेविचे, पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरचं यार्ड. तिथे गेला तर लाकडावरची जडावाची नक्षी शाबूत होती. डब्यांचा माग काढणाऱ्यांच्या जगात ही कथा आपल्याकडच्या कीर्तनातल्या आख्यानासारखी सांगतात.

आपल्याकडे असं कुणी का केलं नाही? राजेरजवाड्यांच्या सलूनांना दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जागा मिळाली. १९८२ चं पॅलेस ऑन व्हील्स तर संस्थानिकांच्या जुन्या डब्यांवरच सुरू झालं होतं. महाराष्ट्राची डेक्कन ओडिसी, जानेवारी २००४ मध्ये निघालेली, कोविडमध्ये थांबली आणि २०२३ मध्ये आतून नवी होऊन परत धावली. महाग डब्याला दुसरा जन्म मिळतो. माझी तक्रार वेगळी आहे. मला सलून नको. मला १९५५ साली डेक्कन क्वीनला पहिल्यांदा जोडलेला तिसऱ्या वर्गाचा डबा हवा होता, त्याच्या फळ्यांच्या बाकांसकट. त्यात बसून पहिल्यांदा त्या गाडीनं गेलेल्या माणसाचा ताठ बसलेला कणा त्या बाकाला आठवत असता.

फळ्यांवरून ओशिवरा आठवलं. जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोडच्या कडेनं जुन्या फर्निचरचा जो बाजार पसरलेला आहे, तिथे मोडलेले वाडे, बंगले आणि अलंगला फोडलेली जहाजं एकाच छपराखाली भेटतात. तिथल्या दुकानदारांच्या मते जगातली प्रत्येक सागवानी फळी एक तर जहाजाची असते नाहीतर रेल्वेची. मीही फसलोय. एकदा काळ्या जाळीचा गोल पंखा दाखवून दुकानदार म्हणाला, "साहेब, रेल्वेचा माल आहे, मरेपर्यंत चालेल." मी घरी आणला. काकांनी नुसता हातात घेतला, मागची पाटी वाचली आणि परत दिला. "खरा आहे. पण घरात चालायचा नाही. डब्यात वीज एकशे दहा व्होल्ट, तीही डीसी. चोर पळवू नये म्हणून फार चांगली सोय." तो पंखा आज कपाटावर आहे. मरेपर्यंत चालेल ही हमी खोटी म्हणता येत नाही. चालू झालेलाच नाही.

अस्सल वस्तू ओळखायची काकांची रीत मात्र मी शिकलो. रंग बघायचा नाही, रंगाचे थर बघायचे. रेल्वेचा डबा दर खेपेला रंगतो, त्यामुळे कडेचा टवका उडाला तर झाडाच्या वर्तुळांसारखे थर दिसतात: निळा, खाली तांबडा, खाली कधी पिवळट. स्क्रूची भोकं बघायची. एकाच जागी दोन-तीन भोकं म्हणजे वस्तू अनेकदा निघाली आणि बसली. आणि नंबर. एवढासा का होईना, कुठे तरी ठोकलेला असतो.

गेल्या दिवाळीनंतर काकांना घेऊन अशाच एका डब्यात जेवायला गेलो. आता ही टूम आहे. मध्य रेल्वेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये सीएसएमटीला पहिलं चाकांवरचं रेस्टॉरंट उघडलं, मग ठिकठिकाणी निघाली. आम्ही गेलो ते कुठलं, ते राहू दे. बाहेरून डब्यावर फुलं-पानं रंगवलेली, आत सोफे, पिवळे दिवे, भिंतीला घाटाच्या फोटोचा कागद. काका बाहेरच थांबले. मला वाटलं पायऱ्या चढवत नाहीत. बघतो तर ते गुडघ्यावर हात टेकून डब्याखाली वाकलेले.

"बोगी डब्याची नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वर्ष जुळणार नाही. कशाला जुळेल? बोगी कधीच एका डब्याची नसते. डब्याचा नंबर बघ आत कुठे राहिलाय का. दाराच्या वर असतो."

दाराच्या वर एसी बसवलेला होता. टोकाच्या भिंतीवर, जिथे पीओएचची तारीख असायची, तिथे फुलं-पानं. मी मोबाइलचा उजेड पाडून फुलांच्या पाकळ्यांखाली आकड्यांचा उठाव दिसतो का ते बघत होतो. जाड रंगाखाली पहिला आकडा नऊसारखा वाटला. दुसरा पाच असेल किंवा सहा. तिसऱ्यावर खिळा मारून दिवा टांगलेला.

ऑर्डर घ्यायला आलेला पोरगा बराच वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. "काय शोधताय, सर?"

"नंबर," काका म्हणाले.

"तुमचा सात नंबर आहे काका, आत. खिडकीजवळ दिलाय."